दोन मुसळं आणि एकटी बकुळा

दूध वर यायला लागलं होतं. हे गालाला साबण फासून खिडकीपाशी उभे होते, एक डोळा आरशात आणि एक वर्तमानपत्रात. सासूबाई आतल्या खोलीत जपाला बसल्या होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी दार लावून घेऊन स्वतःच्या हातानं भाजलेल्या सांबार मसाल्याचा वास अजून पडद्यांना येत होता. तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली.

थाप हळू होती. एकदा, मग जरा थांबून पुन्हा एकदा.

"कुटणाऱ्या बायका आल्या असतील," हे साबणातून म्हणाले.

"त्या थाप मारत नाहीत," मी म्हटलं.

खरंच मारत नसत. दर उन्हाळ्यात त्या यायच्या तेव्हा वाडीच्या तोंडापासून कौसल्येची हाक ऐकू यायची, "आलो गे बायऽऽ, उखळ धुवा!" त्या हाकेसरशी आमच्या गिरगावातल्या वाडीतल्या खिडक्या पटापट लागायच्या, दोरीवरचे कपडे आत जायचे आणि तान्ह्या मुलांना पुढच्या खोलीत हलवलं जायचं, कारण घटकाभरात मिरचीचा खकाणा उठणार हे सगळ्यांना ठाऊक असे. हाकेशिवाय आलेली ती पहिलीच थाप.

दार उघडलं तर बकुळा. उजव्या खांद्यावर एक मुसळ, डाव्या खांद्यावर एक मुसळ आणि मध्ये बारीकशी बकुळा, घामानं कुंकू ओघळलेलं.

"दुसरी कुठाय?" सासूबाईंनी आतूनच विचारलं. त्यांना पावलांच्या आवाजावरून बायका मोजता येत.

"येता मागसून," बकुळा म्हणाली. "ट्राम चुकली तिची."

मी तिच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं. ट्राम चुकलेल्या बाईचं मुसळ हिच्याकडे कसं, हे मला कळेना. बकुळेनं माझी नजर पाहिली आणि आपली नजर खाली वळवली.

आता ही बकुळा कोण ते सांगायला हवं.

मालवणकडची. लग्न होऊन लालबागला आली, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, असलेल्या विठोबाच्या खोलीत. शेजारच्या खोलीत कौसल्या. तिचा नवरा गेलेला, पदरात एक मुलगी. मालवणच्या बाईला मसाला कुटणं शिकवावं लागत नाही. या दोघींनी उन्हाळ्यात घरोघर जाऊन मिरच्या, हळद, सांबार कुटायला सुरुवात केली आणि हळूहळू गिरगावातली, दादरमधली घरं कामाला धरली. आमच्याकडे त्या यायला लागल्या तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं.

मुसळ एकटीनंही चालतं, पण वर्षाचा मसाला एकटीनं होत नाही. दोघी उखळाच्या दोन बाजूंना उभ्या राहतात. एकीचं मुसळ वर जातं तेव्हा दुसरीचं खाली येतं. दोघींचा श्वास एका मापात लागतो, नाहीतर मुसळं एकमेकांवर आपटतात. कौसल्या उंच आणि धिप्पाड, आवाज वाडीभर पोचेल असा. बकुळेचा आवाज उखळाच्या पलीकडे जाईल तर शपथ. पण कुटताना त्या दोघींचं "हुं" आणि "हां" असं काही जमायचं की आमच्या सासूबाई त्या ठोक्यावर जपमाळ ओढायच्या.

सासूबाईंना, म्हणजे राजलक्ष्मीबाईंना, दम्याचा विकार. मिरचीचा खकाणा त्यांना मुळीच सोसत नाही. त्यामुळे आपला लाडका परभी सांबार, आमच्या परभू लोकांचा हा मसाला, कुटला जाताना त्यांनी आयुष्यात कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. भाजणी त्यांची (मिरच्या तेवढ्या उन्हात वाळवून), जिन्नस त्यांचे, पण कुटणं मात्र बंद दाराआडून नुसतं ऐकायचं. त्या सांबारात काय काय पडतं ते मी इथे लिहिणार नाही. गहू आणि हरभऱ्याची डाळ पडते एवढं सांगते, कारण ते साऱ्या गिरगावाला ठाऊक आहे. बाकीचं मलाही लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं, तेही निम्मं.

आणि मग लालबागला डंक वाढले. पट्ट्यावर चालणारी लोखंडी मुसळं, एका ओळीत, दिवसभर वरखाली. जे काम दोन बायका सकाळपासून दुपारपर्यंत करायच्या ते तिथे चहा पिऊन होईपर्यंत व्हायचं. बकुळा-कौसल्येची अर्धी घरं डंकानं नेली. जी राहिली ती सासूबाईंसारख्यांची. "डंकाला काय कळतंय कुठे थांबायचं ते?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शिवाय आधीच्या माणसाचा मसाला त्या उखळात राहिलेला असणार, तो आपल्यात येणार, ही दुसरी धास्ती. त्यामुळे वाडीतली सगळी परभी घरं आमच्याकडे बघून हातानंच कुटून घेत. राजलक्ष्मीबाईंनी डंकावर पाठवला नाही ना, मग आपणही नको.

त्यात ते छप्पन साल. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांवर गोळीबार झाले, संचारबंदी लागली, आणि तेव्हापासून शहराची रीतच बदलली होती. दूधवाला उजाडायच्या आत येऊन जाई. कोपऱ्यावरचा वाणी दुकानाची एकच फळी उघडी ठेवून बसे. आरडाओरडा ऐकू आला की ती सरकवायची, शांत झालं की पुन्हा काढायची. त्या एका फळीच्या फटीतून सगळी वाडी डाळ-तांदूळ नेत होती. समोरचा शिंपी लग्नाचे ब्लाउज बाजूला ठेवून झेंडे शिवत होता आणि म्हणत होता, "झेंड्याला माप चुकलं म्हणून कोणी परत आणत नाही." बेडगी मिरची मिळाली तेव्हा सासूबाईंनी ती चढ्या भावानं घेतली आणि देव पावल्यासारखी डोळ्यांना लावली.

तर अशा त्या सकाळी बकुळा मागच्या अंगणात उखळ धूत बसली. नुसती धूतच होती. मी भाजणीचा डबा घेऊन गेले आणि दार ओढून घेतलं.

"बकुळे, कौसल्या येणार आहे का?"

तिनं मान हलवली. नाही.

"आजारी आहे?"

"आत आसा ती."

"कुठे आत?"

"तुरुंगात ओ, बाय." घरात आमच्याशी बोलताना बकुळा शुद्ध बोलायची धडपड करी, पण दोन वाक्यांत तिची मालवणी परत येई. "मोर्चात धरली. मी सांगलंय तिका, तू ऱ्हव, मी जातंय. तुका पोर आसा. तर म्हणता कशी, तुझो आवाज कोणाक ऐकाक येतलो? पोलीस तुका हळदीकुंकवाक इली समजतले!"

मला हसू आलं. बकुळेलाही आलं, आणि त्या हसण्याबरोबरच डोळ्यांत पाणी.

"पुढंच उभी केली तिका. घोषणा देवक दम लागता ना. कुटून कुटून दम तो आसाच तिच्याकडे. पयली तीच धरली."

"आणि मुलगी?"

"माझ्याकडे आसा. विठोबा तिका शाळेत सोडता. तां काय नाय." बकुळेनं पदरानं नाक पुसलं. "बाय, मोठ्या बाईंका सांगू नका. त्या म्हणतले दुसरी बाई आण."

"मग आण ना. चाळीत काय बायका नाहीत कुटणाऱ्या?"

"आसत की! म्हणान तर." ती उखळाच्या काठावर टेकली. "खालच्या मजल्यावरची शेवंता रोज विचारता, मी येव का, मी येव का. पण आमच्यात तसा नसता. एक उन्हाळो जी बाई दुसऱ्या बाजूक उभी ऱ्हवली, घर तिचा झाला. मगे पयलीन येऊन मागूचा नाय. कोणी लिहून ठेवला नाय, पण सगळ्यो पाळतत. मी पाळलंय. मी कोणाच्या तरी जागेरच उभी ऱ्हवलंय होतंय ना पयल्यांदा."

माझ्या ध्यानात आलं. विठोबाचा गिरणीतला पगार बकुळेच्या घरात येत होता. कौसल्येच्या घरात यायची ती फक्त ही घरं. शेवंता आली तर कौसल्या सुटून येईल तेव्हा तिला ना दादर, ना गिरगाव. आणि कोणीच आलं नाही तर बकुळा एकटी किती घरं ओढणार? लोकांचा मसाला पाऊस येईपर्यंत थांबत नाही. ती घरं डंकावर जातील आणि दोघींच्याही हातून जातील.

"म्हणान मी म्हटलां, एकटीन कुटीन. सावकाश. दोन दिस लागतले. पण मोठ्यो बाई ऐकत बसतत ना."

ते खरं होतं. एका मुसळाचा आवाज आणि दोन मुसळांचा आवाज सासूबाईंना नक्कीच वेगळा कळला असता.

मी कौसल्येचं मुसळ उचललं. वाटलं होतं त्याच्या दुप्पट जड निघालं.

"बाय, काय करतास?"

"मी घरातली आहे. मी धरलं तर घर माझंच आहे, त्यात कोणाचं काय जातंय? चल."

बकुळेनं माझ्याकडे नवी हंडी निरखावी तसं पाहिलं. मग तिनं माझ्या तोंडाला जुना पंचा बांधला, पदर खोचायला लावला आणि पाय कसे ठेवायचे ते दाखवलं. "मी हुं म्हणतंय, तुमी हां म्हणा. हातांकडे बघू नका. माझ्या त्वांडाकडे बघा."

आम्ही सुरू केलं. हुं. हां. हुं. हां. पहिल्या काही ठोक्यांत मला वाटलं, यात काय आहे! मग माझं मुसळ उखळाच्या काठावर आपटलं आणि मिरच्या उडाल्या. मग बकुळेच्या मुसळावर आपटलं. मग दम लागून मी हां म्हणायचं विसरले. नाकातोंडातून पाणी. हे दाढी अर्धी टाकून दारात आले, मला पाहिलं, तोंड उघडलं, त्यात खकाणा गेला, आणि शिंकत शिंकत परत गेले.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "बकुळे!"

"ओ!"

"कौसल्येला बरं नाही का गं?"

बकुळेनं माझ्याकडे पाहिलं. "बरी आसा ओ!"

"मग लंगडतेय का?"

"जरा हात दुखता तिचो," बकुळा म्हणाली.

"तोंड पण दुखतंय? सकाळपासून एक शब्द बोलली नाही ती. कौसल्या आणि गप्प?"

आम्ही पुन्हा कुटायला लागलो. मी जीव एकवटून बकुळेच्या तोंडाकडे बघत होते. पाचसहा ठोके छान पडले. मला आतून आनंदच झाला, आणि त्या आनंदात चुकले. माझं मुसळ पार बाहेर जाऊन फरशीवर आदळलं.

आतल्या खोलीची खिडकी उघडली. जी खिडकी सांबाराच्या दिवशी कधी उघडत नसे ती. नाकाला ओला रुमाल धरून सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं. पंचा बांधलेली, डोळे लाल, केस सुटलेले, हातात मुसळ.

"दुर्गा," त्या म्हणाल्या, "हात धू. दोघी आत या." आणि खिडकी लावून घेतली.

आत गेलो तेव्हा त्या खोकत होत्या. मी पाणी दिलं. बकुळा दाराला टेकून खाली बसली. सासूबाईंनी काही विचारायच्या आत तिनं सगळं सांगून टाकलं. मोर्चा, तुरुंग, मुलगी, शेवंता. हलक्या आवाजात, थांबत थांबत. सासूबाई जपमाळ हातात धरून ऐकत होत्या, मणी मात्र पुढे सरकत नव्हता.

"किती दिवस ठेवणार आहेत तिला?"

"कोणाक ठाऊक. कोण म्हणता मयनो, कोण म्हणता सुनावणी होवक व्हयी."

"आणि सगळं कशासाठी? मुंबईसाठी." त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या. "आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या या मुंबईत. वाड्या होत्या, गेल्या. कचेऱ्यांत टाक घासले. आम्ही कधी मुंबईसाठी रस्त्यावर गेलो नाही. ही मालवणची बाई गेली, नि ती आत आहे." मग माझ्याकडे वळून, "आणि तू? तू काय रोज दहा घरांत जाऊन मुसळ धरणार होतीस?"

खरं म्हणजे मी एवढा विचार केलाच नव्हता.

सासूबाईंनी जपमाळ गोमुखीत ठेवली. "बकुळे, सांबार डंकावर ने."

बकुळा उठून उभीच राहिली. "बाई! डंकार? डंकान आमची अर्धी घरां खाल्ली!"

"म्हणूनच सांगतेय. डंकाला जोडी लागत नाही. कौसल्येच्या जागी दुसरी बाई उभी केलीस तर ती जागा धरील. लोखंड काय जागा धरणार?"

बकुळा पुन्हा दाराला टेकली.

"नेणार तू. भाजणी तुझ्या हातात देणार, तू तिथे उभी राहणार, तूच परत आणणार. मजुरी नेहमीचीच, जोडीची. आणि कोणी माझ्या घरातून परस्पर डंकावर डबा पाठवला तर मला चालणार नाही. कौसल्या आली की ती ठरवील मुसळ धरायचं की डंकावर उभं राहायचं ते."

"पण बाई, तुमीच म्हणतास ना, डंकाक थांबूचा कळना नाय..."

"तुला कळतं ना? मग तू सांग त्याला, थांब म्हणून."

मी सासूबाईंकडे बघतच राहिले. डंकाचं नाव काढलं तरी ज्यांच्या कपाळाला आठी पडे त्या ह्याच. पण त्यांनी इतकं बोलून पुरं केलं नाही. "मीही येते," म्हणाल्या. "लांबून बघीन. यंदाचा सांबार निदान कुटताना दिसेल तरी."

निघताना त्यांनी एक गंमत केली. अंगणात उभं राहून वरच्या मजल्याकडे मान केली आणि अगदी मोठ्यानं हाक मारली, "कांताबेन! अहो कांताबेन! आमचा सांबार बकुळेबरोबर डंकावर चाललाय बरं का!"

वाडीतल्या चार-दोन खिडक्या उघडल्याचे आवाज आले. त्यांना तेच हवं होतं. राजलक्ष्मीबाईंचा सांबार डंकावर, बकुळेच्या हातून. दुपारपर्यंत साऱ्या घरांत बातमी, म्हणजे बाकीची घरंही डबा बकुळेच्याच हाती देणार.

वरच्या मजल्यावरच्या गुजराती कांताबेन खिडकीत आल्या. जानेवारीनंतर त्या खिडकीत जरा कमीच येत असत. वाडीत कोणी त्यांना काही बोललं नव्हतं, पण रस्त्यावरच्या घोषणा वरच्या मजल्यालाही ऐकू येतातच. इतकी वर्षं त्यांची हळद, धणे याच दोघी कुटायच्या. यंदा त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं.

"राजलक्ष्मीबेन," त्या जरा थबकत म्हणाल्या, "माझी हळद पण... जाईल काय?"

सासूबाईंनी बकुळेकडे पाहिलं. बकुळेनं वर पाहिलं. "हळकुंडां निवडून ठेवा ओ. फुडल्या खेपेक नेतंय. दर वर्षी काय आमी सोडलेली काय?"

"आणि ती मोटी बाई कुठे? मोटा आवाजवाली?"

"तुरुंगात आहे. मोर्चात धरली," सासूबाईंनी सांगितलं. सरळच सांगितलं.

कांताबेन खिडकीतून पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, "तेची छोकरी होती ना?" आणि आत गेल्या. दोरीला बांधलेली टोपली खाली आली, तीत केळीच्या पानात गुंडाळलेली गोड सुखडी, मुलीसाठी. बकुळेनं ती सांबाराच्या डब्यापासून लांब, वेगळ्या हातात धरली, तिखट लागू नये म्हणून.

घोड्याच्या व्हिक्टोरियात डबा पायाशी ठेवून आम्ही तिघी लालबागला गेलो. बकुळेनं मुसळं आमच्या अंगणात भिंतीला उभी करून ठेवली होती, डंकावर मुसळ घेऊन कोण जातं? वाटेत भिंतींवर, फळ्यांवर, गिरणीच्या कुंपणावर खडूनं, चुन्यानं एकच वाक्य लिहिलेलं, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. सासूबाई ते प्रत्येक ठिकाणी वाचत होत्या आणि अक्षर चांगलं असलं तर मान हलवत होत्या.

डंकाच्या दुकानासमोर मिरच्यांचे ढीग, बायकांची रांग, आणि आत लोखंडी मुसळांचा असा गजर की बोललेलं ऐकू येऊ नये. सासूबाई रस्त्यापलीकडे एका दुकानाच्या छपराखाली नाकाला रुमाल धरून उभ्या राहिल्या. मी आणि बकुळा आत.

डंकवाला धोंडू अंगभर तांबडा झालेला, भुवयासुद्धा तांबड्या. त्यानं बकुळेला ओळखलं.

"काय बकुळाबाय! शेवटी आलीस ना डंकावर?"

"मी नाय इलंय," बकुळा म्हणाली. "सांबार इलो. मी त्याच्या वांगडा, सोबतीक."

"बरं बरं. ठेव डबा, नंबर आला की काढतो."

"नंबर लाव, पण आधी तुझा उखळ पूस. ह्या घरचो सांबार आसा. कोणाचो रवलेलो मसालो चालूचो नाय."

"अगं, रांग बघ केवढी..."

"बघतंय. तू पूस. तोवर रांग ऱ्हवात."

रांगेतली दादरची एक बाई हातातला डबा सावरत पुढे झाली. "आमच्याही वेळी पुसायला सांगा हो याला. आम्ही बोललो तर हसतो." दुसरी म्हणाली, "तुम्ही जरा थांबता का आमचं होईपर्यंत? मला हे समजत नाही, बारीक झालं की नाही ते." बकुळा दोघींकडे वळली. मग तिनं हळूच विचारलं, "तुमी खंय ऱ्हवतास?"

त्या बायकांचे पत्ते तिनं कानानं साठवून घेतलेले मी पाहिले. शिवाजी पार्कच्या मागची एक इमारत, आणि हिंदू कॉलनीतलं एक घर. ओठ हलत होते, पाठ करत होती.

आमची पाळी आली. लोखंडी मुसळं पडायला लागली. बकुळा उखळाच्या अगदी जवळ, पंच्याआडून वाकून बघत. मध्येच तिनं हात वर केला, "पुरे!" धोंडूनं पट्टा सरकवला. तिनं चिमूट घेतली, बोटांत चोळली, "अजून थोडो." पुन्हा. पुन्हा "पुरे!" या वेळी ती चिमूट तिनं रस्त्यापलीकडे नेली, सासूबाईंच्या तळहातावर ठेवली.

सासूबाईंनी ती उन्हात धरली. मग जिभेवर. मग खोकला आला, पाणी आलं डोळ्यांना, आणि ते पुसत म्हणाल्या, "बरा आहे."

आमच्या घरात "बरा आहे" म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. कोळंबीचं आटलं, आमचं आवडतं सुकं कालवण, जमलं की त्या हेच म्हणतात.

घरी आल्यावर बरणी भरली, वर हिंगाचा खडा ठेवला, तोंडाला फडकं बांधलं. सांबार कुटून झाला की कुटणाऱ्या बाईला खण, नारळ आणि वाटीभर नवा मसाला द्यायचा, अशी आमच्या घरची रीत. सासूबाईंनी दोन खण काढले, एक हिरवा आणि एक जांभळा. दोन नारळ. दोन वाट्या.

बकुळेनं दोन्ही ओटीत घेतले. जांभळा खण वेगळा करून तिनं कमरेला खोचला. "ह्यो कौसल्येचो. तिका जांभळो आवडता." तिच्या हालचालीत सकाळचा ओढलेपणा नव्हता. मी चहा केला होता. बशीतून चहा पिता पिता ती हिशोब करत होती, कुठल्या वारी कुठलं घर, कुणाची भाजणी घरात भाजून घ्यायची, कुणाची नुसती न्यायची, कांताबेनची हळद कुठल्या खेपेला. "कौसल्या इली काय," ती म्हणाली, "एक घरांत भाजतली, एक डंकार उभी ऱ्हवतली. तिका डंकार ठेवतलंय. धोंडूक तिचोच आवाज व्हयो."

हे दारात येऊन उभे राहिले होते. "म्हणजे आता तुमचं डंकाशी भांडण मिटलं म्हणायचं?"

"मिटला नाय, शशिकांतभाव," बकुळा म्हणाली. "त्याका कामार ठेवला."

हे खो खो हसले. सासूबाईसुद्धा पदराआड हसल्या आणि त्याचा पुन्हा खोकला झाला.

बकुळा उठली. अंगणात जाऊन तिनं आपलं मुसळ खांद्यावर घेतलं. कौसल्येचं मुसळ भिंतीला उभंच होतं. तिनं त्याला हात लावला, उचललं नाही. मग परत दारापाशी आली.

"मोठ्या बाई, एक मागतंय."

"माग."

"ह्या मुसळ चाळीत नेलंय तर दारात उभा दिसतला. शेवंता, नायतर आणि कोणतरी म्हणतली, रिकामा आसा, मी धरतंय. कोणाकोणाक नाय म्हणत बसू? कौसल्या येयपर्यंत ह्या मुसळ तुमच्या घरात ठेवा, आणि दुसऱ्या कोणाक धरूक देव नका."